तंबू ते मोटरहोम: पहिली गाडी घ्यायच्या आधी हे बघा

पहिली गोष्ट, तंबू विकायला काढू नका. मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी, आलं की तंबूचं काम संपलं असं सगळ्यांना वाटतं, पण गाडीत चौघांची झोपायची सोय झाली तरी चौघांच्या बॅगा, ओली जर्किनं, चिखलाचे बूट, पोरांची क्रिकेटची बॅट हे सगळं रात्री कुठं ठेवणार? गाडीला खेटून तंबू लावला की ती पडवी होते. शिवाय एखादा पाव्हणा वाढला तर त्याला कुठं झोपवायचं हा प्रश्न सुटतो.

आता मुद्द्यावर येते. आपल्या सातारा भागात धोमच्या बॅकवॉटरला, बामणोलीला, चाळकेवाडीच्या सड्यावर म्हणजे पठारावर तंबू टाकून हिंडलेली बरीच मंडळी आता गाडीच्या विचारात आहेत, आणि सगळ्यांची सुरुवात एकाच जागी होते, यूट्यूबवर. त्यात लाकडी पॅनल, पिवळे दिवे, मागचं दार उघडलं की समोर तळं. आणि मग माणूस थेट बॉडीवाल्याकडे जाऊन सांगतो मला असं करून द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की मोटरहोम ही आधी गाडी आहे, घर नंतर. पडदे, ओटा, गादी हे सगळं नंतर बदलता येतं. चेसी (गाडीचा खालचा सांगाडा), वजन आणि कागद हे एकदा चुकलं की चुकलंच.

त्याच्याही आधी एक काम करा, फुकटचं आहे. घरच्या सगळ्यांना बसवा आणि तंबूत नक्की काय नडतं ते कागदावर लिहा. आमच्या घरात सासूबाईंचं म्हणणं होतं की गुडघ्यामुळं वाकून आत शिरता येत नाही आणि रात्री अंधारात लांब जायला भीती वाटते, आमच्या ह्यांचं म्हणणं पाठ, पोरांचं म्हणणं काहीच नाही त्यांना तंबूच आवडतो. आता एकेक मुद्दा घ्या आणि विचारा की हा गाडीशिवाय सुटतो का. पाठीला चांगली फोल्डिंग कॉट मिळते. पावसाला तंबूवरून मोठी ताडपत्री ओढली की काम होतं. रात्रीच्या बाथरूमला पोर्टेबल टॉयलेट आणि उभा छोटा टॉयलेट तंबू मिळतो. एवढ्यात भागत असेल तर लाखांची गाडी घेऊ नका, खरंच सांगते. भागत नसेल तर जे मुद्दे उरले त्याच्यावरून गाडी ठरवायची. आमच्याकडे गुडघे उरले, म्हणजे ताठ उभं राहता येईल असं छत आणि पकडायला दांडी असलेली खालची पायरी, ह्याच्यावर तडजोड नाही, बाकी सगळ्यावर आहे.

मग गच्चीवर जा आणि खडूनं गाडीचा चौकोन आखा. शोरूममध्ये किंवा ओळखीच्याच्या ट्रॅव्हलरमध्ये शिरून आतलं माप स्वतः टेपनं घ्यायचं, ब्रोशरमधलं बाहेरचं असतं, त्यात पत्रा आणि पॅनलची जाडी जाते. त्या चौकोनात बेड, ओटा, टॉयलेट आखा, मग सगळे आत उभे राहा. एकजण चहा करतोय, एकाला बाथरूमला जायचंय, एकाला बॅगेतनं स्वेटर काढायचाय, असं नाटक करून बघा. पाच मिनिटांत कळतं की टॉयलेटचं दार उघडलं की ओट्याशी उभं राहणाऱ्याला बाहेर जावं लागतं. आणि आडवा बेड टाकणार असाल तर घरातल्या सगळ्यात उंच माणसाला त्या रुंदीत झोपवून बघा, पाय भिंतीला लागले तर बेड उभा टाकावा लागणार आणि मग अख्खा प्लॅन बदलतो.

हे झालं की विकत घ्यायच्या आधी एक-दोन रात्री भाड्याची कॅरॅव्हॅन, म्हणजे अशीच राहायची गाडी, घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं तेव्हापासून भाड्याच्या गाड्यांचं नाव कानावर यायला लागलंय. घेताना मुद्दाम पावसातली किंवा महाबळेश्वरच्या डिसेंबरमधली घ्या, जेव्हा वेण्णा लेकला दव गोठतं. छान हवेत तंबूसुद्धा छानच वाटतो की.

थेट मोठ्या गाडीवर उडी मारायची नसेल तर मधली पायरी आहे. ईकोसारख्या व्हॅनमध्ये मागं काढ-घाल करता येणारा लाकडी बॉक्स-बेड, खाली दोन ड्रॉवर, एक पाण्याचा कॅन, एक पोर्टेबल बॅटरी. गाडीला कायमचं काही ठोकायचं नाही, सोमवारी बॉक्स काढून ठेवला की गाडी पुन्हा मंडईला जायला तयार. जोडप्याला हे पुरतं. काहीजण जीपच्या टपावरचा तंबू घेतात, तो भारी दिसतो, पण शिडी चढायची असते, गुडघेवाल्यांनी तिकडं बघू नये. ट्रेलर ओढायचा विचार आपल्या घाटात आणि आपल्या पार्किंगमध्ये मला तरी झेपणारा वाटत नाही, सोडून देते.

आता गाडी. बहुतेकांची धाव फोर्स ट्रॅव्हलर, अर्बेनिया नाहीतर टाटा विंगर ह्यांच्यावर येऊन थांबते आणि ते बरोबरच आहे, ह्या गाड्यांचे मेकॅनिक कराड, पाटण, विटा, जत कुठंही भेटतात, पार्ट मिळतात. बाहेरची इंपोर्टेड काहीतरी घेऊन कुंभार्ली घाटात बंद पडली तर कोण येणार. सेकंडहँड घेणार असाल तर शाळेची किंवा कंपनीची ठरलेल्या रूटवर पळालेली गाडी टूरवर राबलेल्या गाडीपेक्षा मला बरी वाटते. बघताना सीटचे कव्हर बघू नका, मॅट उचला. फ्लोअरचा पत्रा, दाराच्या खालची कड, छताच्या पन्हाळीचा जोड, मागच्या चाकाच्या वरची कमान, तिथं गंज असतो. नखानं पेंट सोललं आणि तपकिरी पापुद्रा निघाला तर पुढं बोलूच नका, वरून कितीही चकाचक असो. आणि कुणाची तयार केलेली मोटरहोम घेत असाल तर बघायला पावसाळ्यातच जा. आत शिरल्या शिरल्या नाकाला कुबट वास आला की समजायचं प्लायच्या मागं पाणी आहे, मालक कितीही अत्तर मारो.

कागद. हा कंटाळवाणा भाग आहे पण ह्याच्यावरच सगळं उभं आहे म्हणून जरा थांबते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडी कंपनीनं जशी दिली त्यात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानंही २०१९ साली हेच सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणजे सीटा काढल्या, बेड ठोकला, गॅस बसवला आणि आरसीवर अजून १२ सीटर लिहिलंय, असं चालत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्याप्रमाणं मंजुरी असलेलं मॉडेल घेतलं तर तुमची निम्मी डोकेदुखी गेली. गाडी बनवून देणाऱ्याला पहिला प्रश्न डिझाइनचा विचारू नका, हा विचारा: मंजुरीचं सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे, कुठल्या मॉडेलचं आहे, आणि आरसीवर मोटर कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद करून देणार का. "ते बघू नंतर, आपला माणूस आहे आरटीओत" असं उत्तर आलं की चहा पिऊन उठायचं.

सेकंडहँडला फॉर्म २९ आणि ३० ट्रान्सफरचे, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५, बाहेरच्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. पिवळ्या पाटीची (भाड्याची) गाडी पांढऱ्या पाटीवर (खाजगी) आणायची असेल तर परमिट सरेंडर करणं, टॅक्सचा फरक भरणं हे वेगळं लागतं, म्हणून व्यवहाराच्या आधी आपल्याच आरटीओत, सातारा एमएच-११, सांगली एमएच-१०, कराड एमएच-५०, जिथं पासिंग करणार तिथं आरसीची झेरॉक्स घेऊन जाऊन खिडकीवर विचारून या. एजंटला विचारू नका, तो हो म्हणायचेच पैसे घेतो. लायसन्सची काळजी नको, ७५०० किलोच्या आतली गाडी एलएमव्हीत म्हणजे हलक्या गाड्यांच्या वर्गात बसते आणि ह्या गाड्या त्याच्या बऱ्याच खाली असतात. आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा की आत काय काय बसवलंय, नाहीतर क्लेमच्या वेळी तो हेच कारण पुढं करतो. अजून एक, पांढऱ्या पाटीची गाडी "अधनंमधनं भाड्यानं देऊन हप्ता काढू" हा हिशोब घरात कुणी मांडत असेल तर तो तिथंच मोडा, ते बेकायदेशीर आहे.

आता वजन, माझा आवडता विषय. १८ मिलिमीटरची आठ-बाय-चारची एक प्लायची शीट साधारण ३५ किलोच्या घरात जाते. फर्निचरवाला सुतार तुमच्या घरच्या कपाटाच्या हिशोबानं दहा शीट सहज लावतो, म्हणजे साडेतीनशे किलो नुसतं लाकूड. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरातली चार माणसं अडीचशे. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नासच्या वर. मग टपावर एसी, मागं सायकली, खाली जनरेटर. आरसीवर लेडन वेट (भरलेल्या गाडीचं) आणि अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं) असे दोन आकडे असतात, त्यातला फरक हाच तुमचा सगळा कोटा. तो कागदावर लिहा आणि प्रत्येक वस्तू त्यातनं वजा करत जा. म्हणूनच जाड प्लाय फक्त बेडखाली, बाकी ठिकाणी पातळ प्लाय नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची चौकट.

आणि आपण उसाच्या पट्ट्यात राहतो, वजनकाट्याला तोटा नाही. काम सुरू करायच्या आधी रिकामी गाडी काट्यावर घाला, पावती ठेवा. काम झाल्यावर टाक्या भरून, माणसं बसवून परत घाला. नुसतं टोटल नाही, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, असं वेगवेगळं. काटेवाला ट्रॉल्यांच्या लायनीत तुम्हाला बघून हसेल, हसू दे. मागच्या एक्सलवर फार आणि पुढं हलकी निघाली तर स्टीअरिंग हलकं पडतं, मग पाण्याची टाकी पुढं सरकवावी लागते. डाव्या अंगाला ओटा, फ्रीज, टाकी सगळं एकाच बाजूला आलं तर गाडी कलते, ते बाहेर लांब उभं राहून नुसत्या डोळ्यालाही दिसतं.

लाइटीचा हिशोब सोपा आहे, घाबरू नका. बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारा पंखा ३० वॅटचा, रात्री ८ तास, झाले २४० वॅट-अवर (वॅट गुणिले तास). एलईडी दिवे ५०, मोबाइल ६०, बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसभरात ४००-५०० वॅट-अवर. बेरीज साडेआठशेपर्यंत. १०० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीचं माप) लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-अवर देते, म्हणजे एक दिवस निवांत. इन्व्हर्टरची ट्युब्युलर १५० एएचची कागदावर १८०० दाखवते पण निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य जातं, म्हणजे हातात ९०० आणि वजन चौपट. पुढं २०० वॅटचं सोलर पॅनल, आणि गाडी चालताना इंजिनवर चार्ज होणारा डीसी-डीसी चार्जर, तो पाहिजेच, कारण पावसाळ्यात आपल्याकडं सोलर म्हणजे शोभा. ह्याच्यावर इंडक्शन चालवायची हौस असेल तर २००० वॅटला बारा व्होल्टवर दीडशे अँपिअरच्या वर खेचतं, अर्ध्या तासाच्या भातात बॅटरी झोपायला आली. एसी तर बॅटरीवर विसराच, लाइटीचं कनेक्शन मिळेल तिथं लावायचा. वायरिंग करणाऱ्याला एकच ताकीद द्या, मेन फ्यूज बॅटरीच्या जवळात जवळ, लांब नाही. घरगुती वायरमन ते ऐकत नाहीत, उभं राहून करून घ्या.

स्वयंपाक. ह्याबाबत मी हट्टी आहे. बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत आत ओटा असतो कारण ते लोक अंडी उकडतात आणि ब्रेडला लोणी लावतात. आपण लसणाची फोडणी देणार, वर मिरची टाकणार, बंद गाडीत ठसका लागून सगळे बाहेर पळणार आणि गादीला, पडद्याला तो वास पुढची ट्रिप येईपर्यंत. भाकरी थापायची तर पीठ सगळीकडं. त्यामुळं शेगडी मागच्या दारातनं बाहेर सरकणाऱ्या ट्रॉलीवर घ्या, वर एक छत ओढा. आत फक्त चहापुरतं काहीतरी. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत टाकू नका, ५ किलोचा मिळतो तो घ्या, त्याला बेडपासून वेगळा बंदिस्त कप्पा करा आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी ठेवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, वरच्या खिडकीतनं जात नाही. गॅसचा सेन्सरही म्हणूनच जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म घ्या, त्याला वास नसतो. थंडी वाजते म्हणून आत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपायचं नाही, इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. दाराजवळ आग विझवायचा सिलिंडर, आणि दार अडकलं तर बाहेर पडायला एक खिडकी पूर्ण उघडणारी.

टॉयलेटचं खरं बोलायचं तर बसवायच्या आधी घरात ठरवा की टाकी रिकामी कोण करणार, आणि ज्यानं हो म्हटलं त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या. वीस लिटरच्या आसपासची कॅसेट, म्हणजे टॉयलेटखालची काढता येणारी टाकी, दोन-तीन दिवसांत भरते. ती ओढ्यात, शेताच्या बांधाला कुठंही ओतायची नाही, घरच्या संडासात किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून. त्यात टाकायचं निळं केमिकल कडक असलं तर सेप्टिक टँकमधले जंतू मारतं, एन्झाइमवालं घ्या. अंघोळीसाठी वेगळी केबिन केली की ती पुढं स्टोअररूम होते असं माझं निरीक्षण आहे. मागच्या दाराला पडदा आणि हँडशॉवर, बास.

छताला भोकं कमीत कमी. प्रत्येक भोक म्हणजे जूनमधली एक धार, आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, तिथं तुमच्या सिलिकॉनचा काय निभाव लागणार. पॉलीयुरेथेन सीलंट वापरायला सांगा. सांगलीकरांनी उष्णतेचंही बघावं, एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या पुढं जातं, पत्र्याच्या आतनं फोम चिकटवून मगच पॅनल मारा, नंतर करता येत नाही. आणि दोन समोरासमोरच्या खिडक्या जाळीसकट, रात्री थोड्या उघड्या, नाहीतर चौघांच्या श्वासानंच सकाळी छतातनं टपटप.

चालवणं. कारची सवय असली तरी आधी एखादी सकाळ मोकळ्या मैदानात रिव्हर्स घ्यायला काढा, मागं उभ्या माणसाचे हातवारे आधी ठरवून. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडं आलेला भाग, वळणात बाहेर फेकतो. पसरणी किंवा यवतेश्वर उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की जळका वास येतो आणि त्यानंतर ब्रेक राहत नाही. चढणाऱ्याला वाट द्यायची असते, ती द्या. तापोळ्याच्या रस्त्याला समोरनं एसटी आली तर ती मागं जाईल ही आशा सोडा. झाडाच्या खालच्या फांद्या आणि गावातल्या लोंबत्या वायरी ह्यांच्यासाठी गाडीची टपासकट उंची डॅशबोर्डवर लिहून चिकटवा. नोव्हेंबर ते मार्च रात्रीचा प्रवास टाळा, रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन उसाच्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत. आणि गाडी चालू असताना पोरं बेडवर नाही, सीटवर, बेल्ट लावून, रडली तरी.

मुक्काम कुठं, तर तंबू जिथं खपून जायचा तिथं गाडी खपत नाही, ती लांबनं दिसते. कास राखीव वनात आहे, तिथं रात्रीचा विचार नको. कोयना अभयारण्य आणि चांदोली नॅशनल पार्क मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय, त्याच्या आतही नको. त्यापेक्षा वाई, बामणोली, पाचगणीकडची कृषी पर्यटन केंद्रं, देवस्थानांचे भक्तनिवास, ओळखीचा ढाबा. खेडेगावात उतरलात तर आधी सरपंचांना नाहीतर देवळाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना राम राम घाला, "दादा, रातच्याला थांबलं तर चालंल का" विचारा, बहुतेक वेळा जागा तर मिळतेच वर कुणीतरी दूध आणून देतं. पावसाळ्यात कृष्णा, कोयना, वारणेच्या घाटावर, वाळूत गाडी लावायची नाही. वर पाऊस झाला, धरणातनं विसर्ग सुटला की पाणी झोपेत येतं. सड्यावर वाऱ्याला तोंड करून लावा आणि झोपताना बाहेर ओढलेलं छत गुंडाळा, चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत.

पहिली ट्रिप घरापासून तासाभराच्या आतली, म्हणजे काही बिनसलं तर गाडी घेऊन परत येता येतं. साताऱ्याहून ठोसेघरकडं, सांगलीहून दंडोबाकडं. त्यात काय खडखडतं, कुठला ड्रॉवर वळणावर उघडतो, कुठून थेंब येतो ते लिहून आणा आणि बॉडीवाल्याकडून करून घ्या. ह्यासाठीच शेवटचा हप्ता हातात ठेवायचा, गाडी एकदा घाट चढून-उतरून आणि पाइपनं तासभर छतावर पाणी मारून झाल्यावरच द्यायचा. हे अ‍ॅडव्हान्स देतानाच कागदावर घ्या, नंतर काढलं की तोंडं वाकडी होतात.